फणसाची काथवट, सीएनसीवर कोरलेली

गोल वाडगा करायचा असेल तर सीएनसी राउटरच्या, म्हणजे संगणकाच्या हुकुमाने लाकूड कोरणाऱ्या मशीनच्या, वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. कातारी तो लेथवर तासाभरात उतरवून देतो आणि वर पॉलिश पेपरचं कामही फारसं उरत नाही. लेथवर लाकूड फिरतं, त्यामुळे निघेल ते गोलच निघतं. राउटरवर लाकूड पक्कं बांधलेलं असतं आणि बिट, म्हणजे गरगर फिरणारं कापायचं हत्यार, त्याच्यावर तिन्ही दिशांनी हिंडतं, म्हणून लांबट, एकीकडे उभट, दुसरीकडे उतरता, असा कसलाही आकार काढता येतो. मला हवी होती काथवट. भाकरीचं पीठ मळायची, लांबट, दोन्ही हात आत मावतील अशी. तिथे राउटरला खरंच काम होतं.

मी पुण्यात मशीनच्या सुट्या भागांची ड्रॉइंग करते. स्क्रीनवर आकार उभा करणं रोजचंच, पण माझे भाग पोलादाचे नाहीतर अॅल्युमिनियमचे. पोलाद आडवं कापा की उभं, ते सारखंच वागतं. लाकडाला रेषा असते. काथवटीचा जवळजवळ प्रत्येक आकडा शेवटी त्या रेषेनेच ठरवला, आणि त्यामुळेच ती चांगली झाली असं मला मनापासून वाटतं.

मापं घ्यायला मंगळवेढ्याला आत्याकडे गेले. मंगळवेढा म्हणजे मालदांडी ज्वारीचा मुलूख, दोन्ही वेळेला भाकरी. तिच्याकडची काथवट गावातल्या सुताराने वाकसाने, म्हणजे आडव्या पात्याच्या छोट्या कुऱ्हाडीने, कोरलेली आहे. पुठ्ठा थोडा थोडा कापत मी तिच्या आतला उतार उतरवून घेतला, एकदा लांबीत आणि एकदा रुंदीत. दोन्ही पुठ्ठे शेजारी ठेवल्यावर फरक डोळ्यांत भरला. लांबीच्या दोन्ही टोकांना उतार मंद, साधारण ३५ अंशांचा. रुंदीच्या बाजू मात्र चांगल्या उभ्या, साठ-पासष्ट अंशांच्या.

मग आत्या मळायला बसली आणि मी नुसती बघत राहिले. ज्वारीच्या पिठात ग्लुटेन नसतं, त्यामुळे गव्हाच्या कणकेसारखं ते आपसूक धरून येत नाही. गरम पाणी घालून मनगटाजवळच्या तळव्याने ते पुढे रगडत न्यावं लागतं. तिचा उजवा हात पीठ समोरच्या उतारावर चढवायचा, बोटं वळवून मागे ओढायचा, पुन्हा चढवायचा. डावा हात काठावर. उभ्या बाजूंमुळे कोरडं पीठ बाहेर सांडत नव्हतं. उतार आणखी उभा असता तर तळवा अडला असता.

"कोपरा कुठं ठिवू नको," ती म्हणाली. "पीठ अडकतं, वाळतं, मग नखानं काढत बसावं लागतं. आणि जडच कर. हलकी असली की मळताना पुढं पळती."

माझ्या कामाचं स्पेसिफिकेशन एवढंच होतं, आणि ते पुरेसं होतं.

लाकूड फणसाचं घेतलं. सागाचा विचार केला होता. पण सागात सिलिका असते, ती बिटची धार लवकर खाते; शिवाय चौदा इंच रुंदीची एकसंध सागाची फळी परवडणारी नव्हती. जोडून रुंद केलेली फळी मला नकोच होती. रोज गरम पाणी पडणाऱ्या वस्तूत सांधा कशाला? आंबा स्वस्त, पण त्याला बुरशीचे काळे डाग पटकन पडतात. फणस कोकणात घरकामाला सर्रास वापरतात, रेषा बऱ्यापैकी सरळ मिळते आणि रंग सुंदर. कणकवलीकडच्या एका सॉ मिलमधून तीन इंच दोन सूत जाडीची फळी कापून घेतली. ओंडक्याच्या अगदी मधला बिंदू, जिथून वार्षिक वर्तुळं सुरू होतात, तो फळीत येऊ द्यायचा नाही एवढाच माझा हट्ट होता. भेगा तिथूनच फाकतात. मिलवाल्या काकांनी तो भाग बाजूच्या फळीत जाईल असा ओंडका फिरवून लावला.

कोकणातून घाट चढून पुण्यात आलं की लाकडाला हवा बदलते. मिलमध्ये ओलावा मोजायच्या मीटरवर १९ टक्के दाखवत होतं, पुण्यात घरात ठेवलेलं लाकूड अकरा-बारावर स्थिरावतं. मधला ओलावा निघताना लाकूड आकसणार. पण ते सगळीकडे सारखं आकसत नाही: वार्षिक वर्तुळांच्या कडेकडेने सर्वांत जास्त, मध्यापासून बाहेरच्या दिशेला त्याच्या निम्म्याच्या आसपास, आणि लांबीत जवळपास शून्य. ओल्या लाकडातून नेमकी गोल वस्तू काढली तर ती वाळल्यावर लंबगोल होते ती याच कारणाने.

अख्खी फळी वाळवायची तर जाडीच्या दर इंचाला एक वर्ष, असा जुना हिशेब आहे. तेवढं थांबण्याऐवजी लाकूडकाम करणारे पूर्वीपासून करतात तेच केलं. आधी आकार ढोबळ कोरून घ्यायचा, भिंती जाड ठेवायच्या, मग तो तुकडा वाळू द्यायचा. पातळ झालेलं लाकूड लवकर वाळतं आणि आतला ताण तिथेच मोकळा होतो. त्यानंतर अंतिम माप काढायचं.

डिझाइन फ्यूजन नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये केलं. बाहेरचं माप ४२० बाय ३२० मिलीमीटर, उंची ७५, आतली खोली ५८. पुठ्ठ्यांवरून उतरवलेल्या दोन वक्ररेषा आणि वरचा-खालचा लंबगोल यांवरून पृष्ठभाग ओढला. लांबीची दिशा फळीच्या रेषेची दिशा. इथे आत्याच्या काथवटीतल्या मंद उताराचा दुसरा अर्थ मला उमगला. लांबीच्या टोकांना लाकडाचे तंतू कापले जाऊन त्यांची तोंडं पृष्ठभागावर येतात. उतार जितका उभा, तितकी ही तोंडं सरळ समोर येतात आणि पृष्ठभाग खरबरीत फाटतो. उतार मंद ठेवला की तेच तंतू तिरपे, लांब कापले जातात आणि काप स्वच्छ येतो. वाकस चालवणाऱ्या सुताराला जो उतार सोयीचा, तोच राउटरच्या बिटालाही सोयीचा निघाला. बाजूंना तंतू भिंतीच्या कडेकडेने धावतात, म्हणून तिथे उभी भिंत चालते. मी ३५ आणि ६५ हेच आकडे कायम ठेवले.

जाडीही सगळीकडे सारखी ठेवली नाही. सॉफ्टवेअरमध्ये शेल नावाची आज्ञा एका क्लिकमध्ये एकसारखी जाडी देते. धातूच्या भागाला ती ठीक आहे. काथवटीची टोकं आखूड तंतूंची, म्हणजे ठोकर लागली तर तिथूनच तुकडा उडणार. टोकांना १८, बाजूंना १२ आणि तळाला १७ मिलीमीटर दिली. तळ अगदी सपाट न ठेवता आतून दोन मिलीमीटर खोलगट ठेवला, आणि बाहेरून मधला भाग मिलीमीटरभर आत घेतला. पुढे लाकूड थोडं हललं तरी ती कडेवरच टेकते, डुगडुगत नाही.

कोपऱ्यांचं काम बिटने आपोआप केलं. माझ्याकडे १२ मिलीमीटर व्यासाचं बॉलनोज, म्हणजे गोल टोकाचं बिट होतं. त्याची त्रिज्या ६. आतली कुठलीही वक्रता त्याहून लहान असेल तर ते बिट तिथे शिरतच नाही. मी सर्वांत लहान वक्रता १६ ठेवली. बोटाने फिरवून बघितलं, कुठेही नख लागत नाही.

बिटची बाहेर निघालेली लांबी हा मात्र डोकेदुखीचा विषय. ५८ मिलीमीटर खोल जायचं तर बिट पकडून ठेवणारा कोलेटचा नट काठाला आदळू नये म्हणून बिट सत्तरेक मिलीमीटर बाहेर काढावं लागतं. बाजूने जोर आला की बिट वाकतं, आणि ते वाकणं लांबीच्या घनात वाढतं: लांबी दुप्पट तर वाकणं आठपट. त्यामुळे ढोबळ काम सुरुवातीला आखूड बिटने, वरचे थर निघून गेल्यावर खालचे लांब बिटने, असं दोन भागांत वाटलं.

मशीन भोसरीत एका कारखान्यात भाड्याने मिळालं, तासाच्या दराने. चार बाय आठ फुटी टेबल. तिथे एरवी एमडीएफच्या जाळ्या, देव्हारे आणि दरवाजांवरची नक्षी होते. अशा बऱ्याच ठिकाणी अजून आर्टकॅम या नक्षीकामाच्या सॉफ्टवेअरवर काम चालतं. ऑटोडेस्कने २०१८ मध्ये ते बंद केलं, पण हात बसलेला माणूस सहसा सॉफ्टवेअर बदलत नाही. मी थेट जी-कोड, म्हणजे मशीनला कळणाऱ्या हालचालींच्या सूचनांची फाइल, नेला, पेनड्राइव्हवर. ऑपरेटर दादांनी तो कंट्रोलरमध्ये घालून आधी झेड, म्हणजे उंचीचा अक्ष, पन्नास मिलीमीटर वर उचलून हवेतच चालवला. बिट कुठे जातं, क्लॅम्पला आदळत तर नाही, हे बघायला. घाई कितीही असो, हा एअर कट ते कधी चुकवत नाहीत.

दोन बाजूंनी कोरायचं म्हणजे फळी उलटायची, आणि उलटल्यावर दोन्ही बाजू एकमेकींशी जुळायला हव्यात. त्यासाठी फळी ५२० मिलीमीटर लांब ठेवली. काथवटीच्या बाहेर दोन्ही टोकांना जी वाया जाणारी जागा उरली तिथे, बरोबर मधल्या रेषेवर, आठ मिलीमीटरची दोन आरपार भोकं मशीनवरच पाडली, खालच्या एमडीएफमध्येही उतरतील अशी. त्यांत लाकडी पिना. पुस्तकाचं पान उलटावं तशी फळी त्या मधल्या रेषेभोवती उलटली की पिना त्याच भोकांत पुन्हा बसतात. एक्स-वायचा, म्हणजे लांबी-रुंदीच्या मापांचा, शून्य बिंदू पिनेच्या मध्यावर घेतला, आणि झेडचा शून्य फळीच्या वरून न घेता खालच्या टेबलावरून घेतला. वरून घेतला तर फळीच्या जाडीतला फरक थेट तळाच्या जाडीत उतरतो. आरपार गेली तर काथवटच गेली, म्हणून हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

ढोबळ काम १२ मिलीमीटरच्या दोन धारांच्या सपाट बिटने. बिटचे मिनिटाला १५,००० फेरे, पुढे सरकायचा वेग मिनिटाला ३,००० मिलीमीटर, एका थरात चार मिलीमीटर. हिशेब सोपा आहे: वेगाला फेरे गुणिले धारा यांनी भागलं की प्रत्येक धार किती जाड छिलका काढते ते कळतं, इथे तो ०.१ मिलीमीटर. छिलका यापेक्षा फार पातळ झाला तर बिट कापायचं सोडून घासतं, तापतं आणि लाकूड करपतं. नवख्या माणसाला वाटतं हळू चालवलं की सुरक्षित. राउटरवर हळू चालवणं म्हणजे जाळणं. हिरवट पिवळा भुसा उडायला लागला आणि सगळ्या शेडभर एक गोडसर वास पसरला. दादा मशीनजवळ उभे राहून बिटचा आवाज ऐकत होते. आवाजाची पट्टी जराशी चढली तसे म्हणाले, "ताई, आता गाठीशी आलंय बघा," आणि वेग थोडा उतरवला. खरंच, दोन थर गेल्यावर तिथे सुपारीएवढी गाठ उघडी पडली.

मध्येच लाइट गेली. बिट फिरवणारा स्पिंडल थांबला, बिट लाकडातच. लाइट आल्यावर कंट्रोलर होता तिथून पुढे चालू करायचा पर्याय देतो, पण मोटरांनी एखादं पाऊल जरी हुकवलं असेल तर पुढचा सगळा आकार सरकतो. दादांनी बिट सावकाश वर काढलं, मशीन होमला, म्हणजे त्याच्या ठरलेल्या मूळ जागी, नेलं आणि शून्य पुन्हा पिनेवर घेतला. पिना होत्या म्हणून ते पाच मिनिटांत झालं.

दोन्ही बाजूंनी ढोबळ आकार काढून, भिंती वीसेक मिलीमीटर जाड ठेवून तो तुकडा घरी आणला. टोकांना मेण लावलं, कारण ओलावा तंतूंच्या तोंडांतून झपाट्याने निघतो आणि टोकं आधी वाळली की तडकतात. खाली दोन पट्ट्या, थेट ऊन नाही, पंखा नाही. अधूनमधून वजन करून वहीत मांडत गेले. वजन उतरायचं थांबलं तेव्हा वाळलं असं समजायचं. तोवर रुंदी चार-पाच मिलीमीटरने आकसली होती आणि फळी किंचित बाक घेऊन बसली होती. लांबीत फरक मोजपट्टीवर दिसला नाही. आणि पिना लांबीच्या रेषेवर असल्यामुळे त्या जुन्याच भोकांत सहज बसल्या. आडव्या रेषेवर असत्या तर बसल्या नसत्या. या सगळ्या कामात मला सर्वांत आनंद देणारा क्षण हाच.

बाक काढायला दोन्ही बाजू मशीनवरच पुन्हा सपाट केल्या आणि बॉलनोज चढवलं. बॉलनोजचे फेरे शेजारी शेजारी पडतात तेव्हा दोन फेऱ्यांमध्ये बारीक कंगोरा उरतो. फेऱ्यांतलं अंतर एक मिलीमीटर ठेवलं तर सहा त्रिज्येच्या बिटने सपाट जागी कंगोरा ०.०२ मिलीमीटरचा, म्हणजे हाताला न लागणारा. पण हे एक मिलीमीटर वरून मोजलेलं असतं. ६५ अंशांच्या भिंतीवर तेच अंतर पृष्ठभागावर जवळजवळ २.४ मिलीमीटर होतं आणि कंगोरा ०.१२ वर जातो, सहापट. म्हणून तळ आणि टोकांचे मंद उतार लांबीच्या दिशेने समांतर फेऱ्यांनी काढले आणि उभ्या बाजू थराथराने खाली उतरणाऱ्या आडव्या फेऱ्यांनी. फेरे झिगझॅग न ठेवता एकाच दिशेने ठेवले. झिगझॅगमध्ये एक फेरा बिटच्या फिरण्याशी जुळता आणि पुढचा विरुद्ध पडतो, आणि विरुद्ध फेऱ्यात तंतू उचकटतात. एका दिशेने वेळ जवळपास दुप्पट लागतो. दादा घड्याळाकडे बघत होते, पण टोकाचा पृष्ठभाग बघितल्यावर मोबाइल काढून त्यांनी त्याचा फोटो घेतला.

उलटून बाहेरची बाजू काढताना आतला पोकळ भाग खाली येतो आणि पातळ तळ थरथरतो. एमडीएफचे तुकडे एकावर एक रचून, वर रबराची पट्टी ठेवून तळाला आतून टेकू दिला. काथवट फळीपासून पूर्ण सुटू नये म्हणून न कापलेल्या लाकडाचे चार पूल ठेवले, दोन-दोन टोकांना. तिथे तंतू पुलाच्या लांबीत धावतात, त्यामुळे छोटा पूलही ताकद धरतो. बाजूंना ठेवले असते तर आडव्या रेषेवर पापडासारखे मोडले असते. शेवटी ते करवतीने कापले आणि कानशीने जागा साफ केली.

मशीनचं काम संपलं तरी तळाचा मधला भाग नीट आला नव्हता. हे बॉलनोजचं अंगचंच आहे: बिट कितीही जोरात फिरो, त्याच्या अगदी टोकाचा बिंदू जागच्या जागी असतो, तिथे कापण्याचा वेग शून्य. सपाट तळावर नेमकं तेच टोक टेकतं आणि तंतू कापायच्या ऐवजी दाबले जातात. सुतार करतात तसं मी काचेच्या तुकड्याने खरवडलं. ताजी फोडलेली काच, दोन्ही हातांनी किंचित तिरपी धरून रेषेच्या दिशेने ओढायची. केसासारखे छिलके निघतात आणि खालून गुळगुळीत पिवळं लाकूड वर येतं. हातमोजे मात्र घालावेत. मग १२०, १८०, २४० नंबरचे पॉलिश पेपर. त्यानंतर ओल्या फडक्याने पुसून वाळू दिलं. दबलेले तंतू पाण्याने उभे राहतात, ते शेवटच्या पेपरने काढले. ही पायरी गाळली तर पहिल्याच धुण्यात काथवट खरखरीत होते.

तेल जवसाचं लावलं, घाण्यावरचं कच्चं. खोबरेल कधी सुकत नाही, लाकडात तसंच राहून खवट होऊ शकतं. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होतं. रंगाच्या दुकानात उकळलेलं जवस तेल मिळतं, ते खाण्याच्या भांड्याला लावू नये, त्यात लवकर सुकण्यासाठी धातूंची संयुगं घातलेली असतात. पातळ हात द्यायचा, अर्ध्या तासाने उरलेलं पुसून काढायचं, काही दिवस थांबून पुन्हा. टोकांनी बाजूंपेक्षा कितीतरी जास्त तेल प्यायलं. एक गोष्ट आवर्जून सांगते: तेल पुसलेली फडकी बोळा करून टाकू नका. सुकताना ती तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. दोरीवर पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवावीत. काथवट पहिल्यांदा पिठाला लागायच्या आधी तीन-चार आठवडे उघड्या हवेत ठेवली.

आत्याने ती वापरायला घेतली त्याला आता एक उन्हाळा होऊन गेला. पिवळा रंग उजेडाने मधासारखा झालाय, फणसाचं लाकूड पुढे आणखी तपकिरी होत जातं. रुंदी दीड मिलीमीटरने कमी भरली, ओट्यावर डुगडुगत नाही, टोकांना भेग नाही. तिची तक्रार एकच: डाव्या हाताने धरायचा काठ वरून जाड लागतो, अंगठा नीट वळत नाही. पुढच्या फाइलमध्ये त्या बाजूचा काठ १२ वरून ९ केला आहे आणि खालून बोटांना खोबण दिली आहे. ती खोबण तीन अक्षांच्या मशीनवर वरून कापता येत नाही, उलटल्यावर बाहेरच्या बाजूच्या फेऱ्यांत येते. तेवढ्यासाठी भिंतीचा कोन ६५ वरून ६० करावा लागला.